तात्पुरतं, नंतर काढणे

गेल्या नोव्हेंबरातली, म्हणजे २०२५ ची गोष्ट. शनिवारी रात्री साडेनऊ वाजता मी स्वतःच्या हाताने अण्णांचं इंटरनेट बंद पाडलं.

कारण म्हणाल तर काहीच नव्हतं. चांगलं चालत होतं. चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये, हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात वाढूनही माझ्या अंगी लागलेलं नाही. दोन दिवस मिरजेला आलोय, जेवण झालंय, अण्णा अंगणात शतपावली घालतायत, तर म्हटलं तेवढ्यात त्यांच्या संगणकावरचं डेबियन अपग्रेड करून टाकू. बारावी आवृत्ती होती, तेरावी ९ ऑगस्टलाच आली होती. तासाभराचं काम.

तासाभराने मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा आला, अण्णांनी लावलेला वॉलपेपर आला (आमच्या परसातलं रामफळाचं झाड), घड्याळ आलं. कोपऱ्यातली वायफायची खूण मात्र आली नाही.

"झालं का रे?" अण्णा दारातून म्हणाले.

"झालं. म्हणजे, जरा नेट गेलंय."

"मग झालं कुठे?"

इथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आई गेल्यापासून अण्णा मिरजेच्या घरात एकटेच असतात. वय बहात्तर. फोन बटणांचा, कारण बारीक पडद्यावर बोटं फिरवणं त्यांना आवडत नाही. संगणक माझाच जुना. त्यावर विंडोज धापा टाकायला लागलं तेव्हा मी लिनक्स घातलं. त्याचं अण्णांना ना कौतुक ना तक्रार. सकाळी चार वर्तमानपत्रं आणि संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यसंगीत, एवढं मिळालं की त्यांचं काम झालं. नेटचा राउटर वरच्या मजल्यावर भाडेकरूंच्या खोलीत आहे. भाडं आणि नेटचं बिल यांचा त्यांच्यात काहीतरी हिशोब आहे, तो मी कधी विचारलेला नाही. तर वरचं वायफाय खाली पकडायला संगणकाच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक यूएसबी डोंगल खोचलेली आहे. आत चिप रियलटेकची, ८८२१सीयू नावाची.

ही डोंगल घेतली तेव्हा लिनक्सच्या कर्नलमध्ये तिच्यासाठी ड्रायव्हर नव्हता. कर्नल म्हणजे सगळ्या व्यवस्थेचं इंजिन. त्याला डिस्क, आवाज, कॅमेरा, वायफाय अशा प्रत्येक यंत्राशी बोलता यावं लागतं. पण जगातल्या सगळ्या यंत्रांची माहिती सतत डोक्यात घेऊन बसणं परवडत नाही, म्हणून ती माहिती छोट्या छोट्या तुकड्यांत ठेवलेली असते. त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. यंत्र जोडलं की त्याचं मॉड्यूल आत येतं, नको तेव्हा बाहेर काढता येतं. बहुतेक मॉड्यूल्स कर्नलबरोबरच येतात. माझ्या डोंगलचं येत नव्हतं, म्हणून मी जालावरून त्याचा सोर्स उतरवून घरी कंपाइल केलं होतं. घरचं लोणचं घालावं तसं.

तर आता शोध सुरू. आधी बघितलं की मशीनला डोंगल दिसतेय का. यूएसबीच्या यादीत ती होती, म्हणजे मेलेली नाही. मग 'एलएसमॉड' देऊन आत आलेल्या मॉड्यूल्सची यादी पाहिली. तीत ८८२१सीयू नव्हतं. मग हातानेच ओढून आणायला गेलो, 'मॉडप्रोब ८८२१सीयू'. उत्तर आलं की असं मॉड्यूल ६.१२ च्या डिरेक्टरीत सापडत नाही.

हे उत्तर नीट वाचण्यासारखं असतं आणि घाईत कोणी वाचत नाही. मॉड्यूल डिस्कवर नाही असं तो म्हणत नाहीये. 'लिब'मधल्या 'मॉड्यूल्स' या डिरेक्टरीत प्रत्येक कर्नलची आपापली वेगळी खोली असते, खोलीच्या दारावर कर्नलचा आकडा. 'युनेम' या आज्ञेला 'आर' जोडून विचारलं की आत्ता कोणतं कर्नल चालू आहे ते कळतं, आणि मॉडप्रोब फक्त त्याच आकड्याच्या खोलीत शोधतो. अपग्रेडमध्ये कर्नल ६.१ वरून ६.१२ वर गेलं होतं. माझं घरचं लोणचं ६.१ च्या खोलीत व्यवस्थित झाकण लावून ठेवलेलं होतं. नव्या खोलीत ते कोणी नेलंच नव्हतं.

अण्णा एव्हाना खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

"सहा पूर्णांक एकवरून सहा पूर्णांक बारावर? म्हणजे दोन शतांशच पुढे गेलं की. तेवढ्याने बंद पडलं?"

"दशांश नाही हो अण्णा, तो बारा आहे. मधे अकरा पायऱ्या झाल्या."

"मग तसं लिहायचं."

अकरा पायऱ्यांनंतर जुनी बरणी उचलून नव्या खोलीत ठेवली तर काय होतं, हे मला चांगलं माहीत आहे. तरी रात्री दहा वाजता माणूस तेही करून बघतो. मीही केलं. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. आतल्या नोंदवहीत, म्हणजे 'डीमेसेज'मध्ये, खरं कारण लिहिलेलं होतं: मॉड्यूल आणि कर्नल यांचा एका सिम्बॉलच्या व्हर्जनबाबत मतभेद आहे. तिथे इंग्रजीत अगदी हाच शब्द असतो, मतभेद. मॉड्यूल कर्नलमधली जी जी फंक्शन्स वापरतं त्या प्रत्येकाची एक खूणगाठ कंपाइल करतानाच त्यात बांधली जाते, एक आकडा. आत घेताना कर्नल आपला आकडा आणि त्याचा आकडा ताडून बघतं. जुळला नाही तर दारातूनच परत. जबरदस्तीने आत घुसवण्याची सोय आहे, पण ती वापरली तर पुढे काय कोसळेल याचा नेम नाही.

"आटे जुळत नाहीत," अण्णा म्हणाले. "बोल्ट तेवढाच दिसतो, पण आटे वेगळे. जोर लावून पिळलास तर दोन्ही जातील."

इतकं सोपं मला आजवर कोणत्याही पुस्तकाने सांगितलेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "जुनं इंजिन काढून टाकलंस का?"

नव्हतं काढलं. डेबियन नवं कर्नल घालताना जुनं लगेच काढत नाही, ते याचसाठी. मशीन सुरू होताना जी यादी येते तिच्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून मी ६.१ निवडलं. खूण आली. वायफाय चालू. अण्णांनी लगेच "एवढंच ना, मग राहू दे असंच" असा चेहरा केला, आणि खरं तर त्या रात्री तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण जुन्या कर्नलवर कायमचं राहायचं म्हणजे त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येईनाशा होणार, आणि अण्णा त्याच संगणकावर बँकेचं पासबुक बघतात.

शिवाय घरचं लोणचं नव्या खोलीत आपोआप का गेलं नाही, हा प्रश्न होताच. त्यासाठी मी डीकेएमएस नावाची व्यवस्था लावून ठेवली होती. २००३ साली डेल कंपनीत ती सुरू झाली. कर्नल बदललं की ती तुमच्या मॉड्यूलचा सोर्स घेऊन नव्या कर्नलसाठी ते पुन्हा कंपाइल करते. पण त्यासाठी तिला नव्या कर्नलची हेडर्स लागतात, म्हणजे इंजिनाच्या मापांचा तक्ता. ती हेडर्स आपोआप येत राहावीत म्हणून एक छत्री-पॅकेज बसवायचं असतं. मी दोन वर्षांपूर्वी घाईत फक्त त्या वेळच्या कर्नलची हेडर्स बसवली होती. तक्ता नाही, म्हणून डीकेएमएसने एक ओळ लिहून हात झटकले. अपग्रेडच्या शेकडो ओळींत ती ओळ वाहून गेली.

जुन्या कर्नलवर नेट होतंच. हेडर्स उतरवली, डीकेएमएसला पुन्हा कामाला लावलं. अर्ध्या मिनिटात लाल ओळी. वायफायच्या गाभ्यातल्या एका फंक्शनला मी गरजेपेक्षा जास्त आर्ग्युमेंट्स देतोय, असं कंपायलरचं म्हणणं. बघितलं तर त्या फंक्शनला मधल्या काळात एक आर्ग्युमेंट वाढलं होतं आणि नंतर कर्नलवाल्यांनी ते पुन्हा काढून टाकलं होतं. माझा सोर्स २०२३ च्या उन्हाळ्यातला. त्याला वाढल्याची बातमी होती, काढल्याची नव्हती.

साडेबारा वाजले. अण्णा केव्हाच झोपायला गेले होते. मीही मशीन बंद करून गादीवर पडलो.

पडल्या पडल्या २००४ आठवलं. हॉस्टेलवर माझं पहिलं लिनक्स, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून घातलेलं. तेव्हा कर्नल २.४ होतं आणि २.६ नुकतंच, डिसेंबर २००३ मध्ये आलं होतं. ते आपल्या हाताने कंपाइल करणं म्हणजे आमच्या मजल्यावर शौर्य समजलं जायचं. मी रात्रभर कंपाइल केलं, सकाळी सुरू केलं आणि एकही मॉड्यूल आत येईना. 'क्यूएम मॉड्यूल्स, फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड' असा कायसा एक मंत्र पडद्यावर. तीन दिवस मी कर्नल पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसलो. दोष कर्नलमध्ये नव्हताच. २.६ मध्ये मॉड्यूल आत घेण्याची पद्धतच बदलली होती, मॉड्यूलच्या फाइलचं शेपूटसुद्धा '.ओ' होतं ते '.केओ' झालं होतं, आणि माझी मॉडप्रोबची हत्यारं जुन्या पद्धतीची होती. नवी हत्यारं घातल्यावर पाच मिनिटांत सगळं सुरू. तेव्हापासून मला लिनक्सचं वेड आहे. आणि माझं माझ्यापुरतं ठेवायचं सोडून ते वेड मी वडिलांच्या घरातही नेऊन बसवलं.

पुष्कळ लोकांना याचा राग येतो की हे कर्नलवाले आतली मापं सारखी का बदलतात. त्याचं उत्तर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी फार पूर्वी लिहून ठेवलंय आणि ते कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. बाहेरच्या प्रोग्रॅम्सना दिलेला शब्द कर्नल मोडत नाही. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही चालावा, हा तिथला दंडक आहे. पण आतल्या आत, मॉड्यूल्स आणि गाभा यांच्यामध्ये, असा काही करार नाही. चूक दिसली, चांगली पद्धत सुचली, की माप बदलतात. फक्त एक नियम: जो माप बदलेल त्याने, झाडावर जेवढी मॉड्यूल्स आहेत तेवढ्या सगळ्यांत त्याप्रमाणे दुरुस्ती स्वतः करायची. 'झाड' म्हणजे कर्नलचा एकत्र ठेवलेला सगळा सोर्स. झाडावरच्या मॉड्यूलला म्हणूनच असल्या बदलांचा पत्ताही लागत नाही. झाडाबाहेरच्याला कोणी कळवत नाही. त्याने आपलं आपण बघायचं.

सकाळी सहाला अण्णांनी चहा पुढे ठेवला आणि चौकशी केली. मी लाल ओळींचं सांगितलं. त्यांनी दोन घोट घेतले.

"नवीन इंजिन आलं तेव्हा कंपनीने त्याच्याबरोबर हा पार्ट दिलाच नाही का? तू आपला जुनाच तासत बसलायस."

मी म्हणालो, या डोंगलचं कर्नलमध्ये नसतंच. आणि म्हणता म्हणता थांबलो. हे वाक्य मी डोंगल घेतली तेव्हापासून म्हणतोय. शेवटचं तपासून कधी म्हटलं होतं?

तपासलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून ही चिप झाडावर आहे. 'आरटीडब्ल्यू८८' नावाच्या ड्रायव्हरच्या कुटुंबात तिला जागा मिळालेली आहे. आमचं जुनं कर्नल होतं ६.१. म्हणजे एका पायरीने हुकलं होतं. आणि नव्या ६.१२ च्या खोलीत ते मॉड्यूल अपग्रेडच्या क्षणापासून, मी रात्री साडेबारापर्यंत झटापट करत होतो तेव्हाही, फळीवर तयार बसलेलं होतं.

नव्या कर्नलवर जाऊन हाताने बोलावलं. आलं! पण वायफाय नाही. डीमेसेज म्हणालं, फर्मवेअरची फाइल सापडली नाही, उणे दोन. उणे दोन म्हणजे 'अशी फाइलच नाही'. जुना ड्रायव्हर चिपचं फर्मवेअर स्वतःच्या पोटात घेऊन फिरायचा, नव्याला ते वेगळं द्यावं लागतं. डेबियनने बाराव्या आवृत्तीपासून त्यासाठी स्वतंत्र विभाग केलाय. पुन्हा जुन्या कर्नलवर जाऊन रियलटेकचं फर्मवेअर-पॅकेज घातलं, पुन्हा नव्यावर आलो, पुन्हा हाताने बोलावलं. खूण आली.

मी अण्णांना हाक मारली. त्यांनी नाट्यसंगीत लावून पाहिलं. मग म्हणाले, "बंद करून परत चालू करून दाखव."

मेकॅनिक तो मेकॅनिक. मी बंद करून चालू केलं. खूण नाही.

हाताने बोलावलं की येतं, आपोआप येत नाही. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांच्या डोक्यात इथे लगेच घंटा वाजेल. माझ्या वाजायला दहा मिनिटं लागली. आपोआप येणाऱ्याला अडवण्याची एक जागा आहे. 'ईटीसी'मधल्या 'मॉडप्रोब.डी'त एखाद्या फाइलीत 'ब्लॅकलिस्ट' लिहून पुढे मॉड्यूलचं नाव लिहायचं. मग यंत्र जोडलं तरी ते मॉड्यूल आपणहून आत येत नाही. नाव घेऊन बोलावलं तर येतं.

तिथे एक फाइल होती. आत एकच नाव, नव्या मॉड्यूलचं. आणि वर, पाउंडच्या खुणेनंतर, माझीच टीप: 'तात्पुरतं. नंतर काढणे.' तारीख जुलै २०२३.

आठवलं. ड्रायव्हर घालण्याच्या सूचनांत लिहिलं होतं की पुढच्या कर्नलमध्ये याचाच दुसरा ड्रायव्हर येतोय, एका यंत्रावरून दोघांची भांडणं नकोत म्हणून त्याचं नाव आधीच अडवून ठेवा. तो अजून घरात आलाही नव्हता. मी दाराला कडी घातली, 'नंतर काढणे' लिहिलं आणि विसरलो. कडी मात्र विसरली नाही. ती तिचं काम चोख करत होती.

ओळ काढली. इनिटरामएफएस, म्हणजे सुरुवातीला लागणारी छोटी शिदोरी, पुन्हा बांधली, कारण अशा फायलींची एक प्रत तिच्यातही जाऊन बसते. जुन्या ड्रायव्हरला डीकेएमएसमधून निरोप दिला. बंद करून चालू केलं. खूण आली. अण्णांनी स्वतः आणखी एकदा बंद करून चालू केलं. परत आली.

"जुलै तेवीस," अण्णा पडद्याकडे बघत म्हणाले. फाइल अजून उघडीच होती. "माझ्या डोळ्याच्या वेळचं आहे हे."

हो. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पंधरा दिवस इथे राहिलो होतो. डोळ्यावर हिरवा पडदा लावून ते पलंगावर पडलेले आणि मी त्यांच्या संगणकाशी खेळतोय. आणि त्याच पंधरा दिवसांत...

मी गप्प झालो. ते कशाबद्दल बोलत नाहीयेत हे मला कळलं.

त्याच पंधरा दिवसांत मी त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले होते महिनाभर गाडी नको. अण्णा ऐकणार नाहीत या खात्रीने मी किल्ली आईच्या शिवणाच्या डब्यात टाकली आणि डबा कपाटाच्या वर. महिना झाला तेव्हा मी पुण्यात होतो. मग पावसाळा होता, रस्ते खराब. मग तपासणी राहिली होती. मग काहीच कारण नव्हतं. अण्णा चालत मंडईत जायला लागले, लांब जायचं तर रिक्षा. मी फोनवर विचारायचो, ठीक आहात ना? ते म्हणायचे, ठीक आहे. स्कूटरचा विषय त्यांनी काढला नाही, आणि काढला नाही याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

मी उठून कपाटावरचा डबा काढला. रिळं, बटणं, एक अंगठीसारखं शिवणाचं टोपण, आणि खाली किल्ली.

"तुम्हाला माहीत होतं कुठे आहे ते?"

"पहिल्या आठवड्यापासून. तुझ्या आईचा डबा कधी कपाटावर असायचा का?"

"मग घेतली का नाहीत?"

अण्णांनी मान हलवली. "तू ठेवली होतीस ना."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. ते आत गेले आणि पाकीट घेऊन आले. पाकिटात लायसन्स. २०२४ मध्ये नवं करून घेतलेलं, पाच वर्षांसाठी. डॉक्टरचं सर्टिफिकेट, दृष्टीची तपासणी, सगळं स्वतः जाऊन केलेलं. रिक्षाने.

दीड वर्षं ते लायसन्स पाकिटात तयार बसलेलं होतं.

खरं सांगतो, मला आनंद वगैरे काही झाला नाही. आधी पोटात गोळा आला. बहात्तर वर्षं वय, मिरज-सांगली रस्त्यावरची ती रहदारी, घरात दुसरं कोणी नाही. कडी घालण्यामागे कारण होतं, आणि संगणकात जसं ते कारण संपल्याचं मी वाचून खात्री करून घेतली तसं इथे मला कोण सांगणार? माणसाच्या बाबतीत तशी नोंदवही नसते. मी म्हटलं, "अंधार पडल्यावर नको. हायवेला नको."

अण्णा म्हणाले, "ही कधीपर्यंत?"

मी हसलो. तेही हसले. पण प्रश्न त्यांनी मागे घेतला नाही, आणि माझ्याकडेही उत्तर होतं असं नाही. शेवटी असं ठरलं की दर दिवाळीला डोळे तपासायचे आणि त्या दिवशी बोलायचं. अंधाराचं त्यांनी स्वतःच मान्य केलं. हायवेचं नाही.

दुपारी माझी गाडी होती. निघेपर्यंत ते अंगणात स्कूटर स्टँडला लावून बसले होते. सव्वादोन वर्षं उभी गाडी, बॅटरी पार गेलेली. जुनं पेट्रोल काढून टाकलं होतं, प्लग उघडून पॉलिश पेपरने घासत होते. मला म्हणाले, तू नीघ, हिला वेळ लागेल. शर्टाच्या बाहीला काळं लागलेलं. मी बऱ्याच वर्षांत त्यांच्या बाहीला काळं पाहिलं नव्हतं.

असो. कोणाला उपयोग होईल म्हणून शोधाचा क्रम थोडक्यात लिहून ठेवतो. कर्नल बदलल्यावर एखादं यंत्र चालेनासं झालं तर आधी जुन्या कर्नलवर जाऊन बघा, म्हणजे यंत्र मेलंय की मॉड्यूल हरवलंय ते कळतं. मग चालू कर्नलचा आकडा बघा आणि त्याच आकड्याच्या खोलीत मॉड्यूल आहे का ते पाहा. नसेल तर हेडर्स आहेत का, डीकेएमएसने काय लिहून ठेवलंय ते वाचा. असूनही आत येत नसेल तर डीमेसेज वाचा. मतभेद म्हणत असेल तर मॉड्यूल दुसऱ्या कर्नलचं आहे, चावी नाकारली म्हणत असेल तर सिक्युअर बूटला त्याची सही मान्य नाही, उणे दोन म्हणत असेल तर फर्मवेअर नाही. आणि हाताने येतं पण आपोआप येत नाही असं असेल, तर दाराला कडी कोणी घातली ते शोधा. बहुतेक वेळा अक्षर ओळखीचं निघतं. आणि हे सगळं करण्याआधी, तुमचं मॉड्यूल एव्हाना झाडावर गेलंय का, ते एकदा बघून घ्या.

मंगळवारी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. म्हणाले, नेट चालू आहे, दोनदा बंद करून चालू करून पाहिलं. मी स्कूटरचं विचारलं. बॅटरी नवी टाकली म्हणाले, कार्ब्युरेटर साफ केला, किकवर लागली.

"कुठे जाऊन आलात?"

"मंडईत. मेथी आणली."

मंडई घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. मी काही बोललो नाही.